सुईणबाईंची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज कापला तर तुम्ही हसणार नाही. माझं बिऱ्हाड वाचनालयात, शब्दकोशांच्या कपाटावर. अंगावर निळी खोळ आहे. ती कुणी काढली की मला वाटतं, आता आपलं काही खरं नाही.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा पोटात एक रबरी पट्टा बसवला गेला. मोटर फिरली की पट्टा फिरतो आणि पट्टा फिरला की कॅसेट फिरते. बाहेरून चकचकीत बटणं दिसत असली, तरी माझी सगळी अब्रू त्या बोटभर रुंदही नसलेल्या पट्ट्यावर आहे. नवा होतो तेव्हा मला याची काळजी नव्हती. नव्यांना कसलीच नसते.

मला वाचनालयात आणलं ते तेव्हाच्या ग्रंथपालबाईंनी. इथल्याच माणसांनी लिहिलेली पुस्तकं एका वेगळ्या फळीवर ठेवायची आणि लिहिणाऱ्याला बोलावून त्याच्याशी गप्पा मारायच्या, अशी त्यांची हौस होती. पुस्तक कसं सुचलं, कुणी छापलं, कुणी नाकारलं, आपल्या वस्तीत पूर्वी काय होतं, सगळं त्या विचारायच्या. मी टेबलावर बसून ऐकायचो. लोक कौतुकाने म्हणायचे, काय स्वच्छ आवाज पकडतो हो हा! मी फुगून जायचो.

बाईंची एक पद्धत होती. मुलाखत सुरू होण्याआधी त्या लाल बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "आवाज बघते, काहीही बोला." पोस्टमनने कादंबरी लिहिली होती, त्याने घरांचे पत्ते म्हणून दाखवले. एका कवीला काहीही म्हणजे नेमकं काय बोलावं ते सुचेना, त्याला घाम फुटला. हा आवाज बघण्याचा भाग बाई कधी पुसत नसत. म्हणायच्या, माणूस खरा बोलतो तो एवढ्यातच.

एकदा सुईणबाई आल्या. नदीकाठच्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. ती गल्ली रुंद रस्त्यासाठी पाडली गेली, आणि कुणाचं घर कुठे होतं, कोण कुठल्या खोलीत जन्मलं, ते सगळं त्यांनी पुस्तकात लिहिलं होतं. सोबत त्यांची लहानगी लेक होती, शेंबडी, टेबलाखाली बसून माझ्याकडे टक लावून बघणारी.

पुस्तकात गल्ली पाडल्याच्या दिवसाचं प्रकरण नव्हतं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा सुईणबाई म्हणाल्या, "आत्ता सांगते, पण यजमान आहेत तोवर छापायचं नाही. पुढच्या आवृत्तीत बघू." मग त्यांनी ते सगळं मला सांगितलं.

पुढची आवृत्ती निघालीच नाही. बाई निवृत्त झाल्या, माझ्यावर खोळ चढली आणि सुईणबाईंची कॅसेट खणात पडून राहिली. धूळ खात पडणं वाईट असतं मित्रांनो, पण खरं सांगू, मला त्याची सवय झाली होती. कुणी बटण दाबत नव्हतं, त्यामुळे काही बिघडतही नव्हतं.

आणि यंदा एक दिवस खोळ निघाली. समोर नवे ग्रंथपाल उभे होते, आणि त्यांच्या शेजारी टेबलाखालची ती लेक, केस पांढरे झालेली. वडील केव्हाच गेले होते. आईची आजारात वाचा गेली होती, हातात लेखणीही धरवत नव्हती. पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापखान्यात होती आणि छापखानेवाल्याने सोमवारपर्यंत मजकूर द्या, नाहीतर आहे तसंच छापतो, असं बजावलं होतं.

"आईला कितीदा विचारलं, त्या प्रकरणात काय होतं म्हणून," ती म्हणाली. "इथे आणलं की ती नुसती या कपाटाकडे बोट दाखवते. मला तेवढं मिळालं पाहिजे. शाळेत मला घरं पाडणाऱ्याची पोर म्हणायचे. बाबा मुकादम होते ना त्या कामावर. आईने ते प्रकरण लाजेने गाळलं असेल, तर तेही मला कळू दे."

ग्रंथपालांनी शहाणपणा केला. आधी एक कोरी कॅसेट घालून बघितली. मी ती गिळली. फीत आत गुंडाळली गेली, त्यांनी पेन्सिलीने ओढून काढली तर आतड्यासारखी बाहेर आली. लेकीचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारच्या आत दुसरा चालता टेपरेकॉर्डर मिळण्यासारखा नव्हता, म्हणून दुरुस्तीवाल्याने मला उघडलं. "पट्टा सैल झालाय. असला आता मिळत नाही." त्याने पट्टा काढला, चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकला आणि आक्रसल्यावर परत बसवला. "एक फेरी निघेल कदाचित. दुसरीची आशा धरू नका. आणि वायर जोडायची खाच गंजलीये, तेव्हा जे काय उतरवून घ्यायचं ते समोर मोबाइल ठेवून."

झालं, माझी झोप उडाली. एकच फेरी. तीही उघड्यावर, म्हणजे खोलीतला प्रत्येक आवाज त्या मोबाइलमध्ये जाणार.

सुट्टीच्या दिवशी वाचनालय बंद ठेवून सगळे जमले. जुन्या ग्रंथपालबाई काठी टेकत आल्या. लेकीने आईला चाकांच्या खुर्चीतून आणलं. पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ बाहेर नेलं, सगळ्यांनी चपला काढल्या. नव्या ग्रंथपालांनी दहादा बजावलं, "कुणीही बोलायचं नाही. खोकला आला तर रुमाल." त्यांनी स्वतःच एवढा मोठा आवंढा गिळला की मलासुद्धा ऐकू आला.

बटण दाबलं गेलं. पट्ट्याने एक झोका खाल्ला, मी मनातल्या मनात त्याचे पाय धरले, आणि तो फिरला.

आधी खरखर, मग बाईंचा तरुण आवाज, "आवाज बघते, काहीही बोला." आणि मग सुईणबाईंचा, खणखणीत. "काय बोलू आता? ए चिंगे, टेबलाखालून बाहेर ये. नाक पूस आधी. त्या डबड्याकडे काय बघत बसलीस?"

डबडं मीच. तेव्हा राग आला होता, आता नाही आला. लेकीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तिने खरोखरच पदराने नाक पुसलं.

"जा, बाहेर खेळ जा. मोठ्यांचं बोलणं आहे." तेव्हा ती मुकाट बाहेर गेली होती.

"नाही जायची मी," लेक म्हणाली. चांगलं मोठ्याने.

ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला. पुन्हा पहिल्यापासून करायची सोय नव्हती. आणि तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. वाचा गेली होती, हसू गेलं नव्हतं. सुईणबाई पोटापासून हसत होत्या, आणि मी आपला फिरत होतो, कारण थांबायची माझी छाती नव्हती.

मग ते प्रकरण आलं. गल्लीतलं शेवटचं घर. आत एक बाई अडलेली, सुईणबाई तिच्याजवळ, आणि भिंतीवर बाहेरून घाव पडायला लागलेले. त्या रक्ताळलेल्या हातांनी दारात आल्या, तर समोर हातोडा घेऊन यजमान.

इथेच पट्टा घसरायला लागला. आवाज जड झाला, शब्द लांबायला लागले. ग्रंथपालांचं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलं. "हात लावू नका," जुन्या बाई पुटपुटल्या. मी जीव मुठीत धरून ओढत होतो. लेक कान जवळजवळ माझ्या जाळीला लावून बसली होती.

"मी एक शब्द बोलले नाही," घोगऱ्या आवाजात सुईणबाई सांगत होत्या. "त्यांनी हातोडा खाली ठेवला. माणसांना म्हणाले, बसा रे, आधी बाळ येऊ दे. दुपारपर्यंत सगळे मातीत बसून होते. कंत्राटदार येऊन अद्वातद्वा बोलला, हे उठले नाहीत. बाळ रडलं, बाळंतिणीला नीट हलवलं, आणि मग ते घरही पाडलं. मी हे लिहिलं होतं. तर हे म्हणाले, घरं मी पाडलीच ना? एक घर थोडं थांबवलं, ते काय मिरवायचं? मी असेपर्यंत छापू नकोस."

त्यापुढे बाई काहीतरी विचारत होत्या, पण ते कळलं नाही. पट्टा सुटला होता. कॅसेट शाबूत बाहेर आली, एवढं मात्र मी सांभाळलं.

लेक आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून बसली. "मी त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही गं," ती म्हणाली. आईचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. कुणीच मोबाइल बंद केला नव्हता.

मोबाइलवरून ऐकून उतरवलेला मजकूर सोमवारी छापखान्यात पोचला. छापखानेवाल्याने विचारलं, सुरुवातीचं ते नाक पुसायचं, बाहेर जायचं काढून टाकू ना? लेक म्हणाली, एक अक्षर काढायचं नाही. त्यामुळे आता त्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणाच्या आरंभीच आई म्हणते, बाहेर जा, आणि इतक्या वर्षांनी लेक म्हणते, नाही जायची.

मी पुन्हा कपाटावर आहे. आता फिरत नाही, तरी भीती काही गेलेली नाही. खणात अजून पोस्टमन आहे, तो घामाघूम कवी आहे, आणखी बरेच आहेत, आणि त्यांना फिरवणारं कुणी सापडेल का, या काळजीने मला अजून झोप लागत नाही. तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा, पण आमच्यावर फार विसंबू नका. आमचा पट्टा कधी सुटेल, नेम नाही. घरात मोठी माणसं बोलत असतील आणि तुम्हाला बाहेर खेळायला पिटाळत असतील, तर नाक पुसा आणि टेबलाखाली बसून राहा.