बांधणाऱ्यानेच सोडायचा दोरा

कळसाडीच्या उखा पाटलाचा धाकटा भाऊ शांतीलाल डॉक्टर झाला, तोही लहान मुलांचा, आणि मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला, तेव्हा गावाने त्याला डोक्यावर घेतलं. गुजर पाटलांच्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला, केळी पिकली, ऊस पिकला; डॉक्टर पिकण्याची ही पहिलीच वेळ होती. पण नुसतं शिकवून कोणी प्राध्यापक होत नाही. नावावर संशोधन लागतं, ते छापून यावं लागतं. शांतीलालला आपल्याच मुलखातली एक गोष्ट ठाऊक होती. नवापूरकडच्या डोंगरात लेकरांची बोटं सुजतात, डोळे पिवळे पडतात, आणि चालायला लागायच्या आधीच ती जातात. त्याला वाटलं, हेच आपलं काम.

सत्तावन सालच्या थंडीत तो डोंगराच्या पायथ्याच्या आठवडी बाजारात झाडाखाली टेबल मांडून बसला. बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात औषध घालायचं आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून बघायचं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकल्या, की त्या माणसात दोष आहे असं समजायचं. हा दोष आईकडून किंवा बापाकडून, एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोघांकडून आला, तर मात्र त्या लेकराचं काही खरं नाही.

अडचण एकच होती. ज्यांच्यात दोष निघेल त्यांचं पुढच्या बाजारी पुन्हा जास्त रक्त घ्यायचं होतं आणि त्या गर्दीत माणूस ओळखणं कठीण. हाक मारावी तर चार गंगीबाई एकदम वळून बघायच्या. म्हणून शांतीलालने युक्ती काढली. दोष निघाला, की त्या माणसाच्या मनगटाला लाल दोरा बांधायचा. त्याचा कंपाउंडर याकूब नवापूरकडचाच, ख्रिस्ती घरातला, डोंगराची बोली बोलणारा. तो डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, दोरा नको. इकडे दोरा भगत बांधतो. कोणात काही वाईट दिसलं, की बांधतो."

"मग बरंच की," शांतीलाल म्हणाला. "त्यांना सवय आहे."

शिकल्या-सवरल्या माणसाचं हे असं असतं. समोरचा जे सांगतो त्यातलं सोयीचं तेवढं तो ऐकतो.

संशोधनाला तुलना लागते. डोंगरात दोष आहे हे दाखवायचं, तर सपाटीवर तो नाही हेही दाखवायला हवं. म्हणून त्याच थंडीत त्याने कळसाडीत आणि लोणखेड्यात आपल्या गुजर भाऊबंदांचं रक्त घेतलं. इथे दोरा नव्हता. पाटलांच्या हाताला दोरा कोण बांधणार? आपला तो बाब्या. रक्त बहुतेकांचं स्वच्छ निघालं. दोन काचपट्ट्यांवर मात्र पेशी वाकल्या. एक होती उखाच्या मुलीची, सरलाची. दुसरी लोणखेड्याच्या एका शाळकरी पोराची, रोहिदासची.

शांतीलालने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. विळे तसेच होते. पाटलाच्या घरात डोंगराचं रक्त आलं कुठून, हा प्रश्न गावात कोणत्या आवाजात विचारला जाईल, ते त्याला लगेच ऐकू आलं. शिवाय निबंधात 'सपाटीवर हा दोष नाही' असं एक ठसठशीत वाक्य त्याने आधीच मनात लिहून ठेवलं होतं. दोन्ही काचा त्याने स्पिरिटने पुसल्या आणि ते दोन नमुने खराब झाले असं ठरवून टाकलं. घरच्यांना काही बोलला नाही. निबंध छापून आला, नाव झालं.

पण निबंध छापून यायच्या आधीच बाजारातल्या त्या चार गंगीबाईंपैकी एकीचं प्रकरण झालं.

तिची दोन लेकरं गेली होती, आणि शांतीलालने बाजारात तिच्या हाताला लाल दोरा बांधला होता. नवरा ऊसतोडीला खाली गेलेला, त्यामुळे त्याचं रक्त कोणी पाहिलंच नाही. दोरा बांधला गेला तो एकट्या आईला. गावाने त्याचा अर्थ गावाच्या रीतीने लावला. लेकरं मरतात ती हिच्यामुळे, मोठ्या डॉक्टरने काचेतून बघून सांगितलंय, ही डाकीण आहे.

शांतीलाल मुक्काम आवरून मुंबईला निघाला होता त्या दुपारी ती एकटी चालत नवापूरच्या बंगल्यावर आली आणि दाराशी उभी राहून याकूबशी बराच वेळ बोलली. याकूबने सांगितलं, "ती म्हणते, साहेबांनी गावात चलावं. दोरा बांधणाऱ्यानेच सोडायचा असतो, तोही सगळ्यांसमोर. आणि सांगायचं की दोष हिच्या एकटीचा नाही, बापाचाही आहे. तरच गाव मानेल."

"याकूब, गाडीची वेळ झाली. तिचं गाव केवढं लांब." शांतीलालने तिचा हात हातात घेतला, कात्रीने दोरा कचकन कापला आणि हसून म्हणाला, "झालं. सुटली. जा म्हणावं बिनघोर."

गंगीबाईने मनगटाकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं. आणि आल्या वाटेने ती निघून गेली.

पुढचं याकूबने मुंबईला येऊन सांगितलं. असलं पत्रात लिहवेना म्हणून तो बिचारा आगगाडीत बसला. दोरा सोडला नाही, कापला, हे गावाला कळलं. बांधलेली डाकीण मोकळी सुटली, असं भगत म्हणाला. त्याच आठवड्यात कोणाच्या तरी पोराला ताप भरला. गंगीबाईला घरातून ओढून काढलं, मारलं, आणि ती रंगावली नदीच्या डोहात सापडली. नवरा ऊसतोडीवरून परतला तेव्हा घरात चूलसुद्धा नव्हती.

शांतीलाल त्या दिवशी रडला. ते रडणं खरं होतं, त्याबद्दल त्याला नावं ठेवायची नाहीत. रडून झाल्यावर त्याने एक तत्त्व बांधलं. रक्ताच्या तपासणीत काय निघालं ते कोणालाही, कधीही सांगायचं नाही. ज्याचं रक्त त्यालाही नाही. जे ज्ञान माणसाचा जीव घेतं ते डॉक्टरने पोटात ठेवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यावर त्याने भाषणं दिली, लेख लिहिले. वैद्यकातली नीती हा विषय तेव्हा कोणी शिकवत नव्हतं. तो शिकवू लागला. गंगीबाईची गोष्ट तो नाव न घेता सांगे आणि मुलांच्या डोळ्यांत पाणी येई. काही वर्षांत तो त्या विषयातला मोठा माणूस झाला.

आणि मग उखा मुंबईला आला. खुर्चीत न बसता भावासमोर उभाच राहिला, इतका आनंदला होता.

"शांती, सरलानं जमनं. लोनखेडानं घर शे. पोऱ्या रोहिदास, चांगला शिकेल शे. तू हा म्हन, म्हंजे नारळ देऊत. तुन्हा इचार लेवाशिवाय मी काही करस नही."

साऱ्या जगात त्या दोन काचा एकट्या शांतीलालने पाहिल्या होत्या. हे लग्न झालं तर त्यांच्या लेकरांपैकी एखादं बोटं सुजलेलं निघू शकतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? दोघांनी वेगळीकडे लग्नं केली तर बहुधा काहीच बिघडणार नाही. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द बोलायचा, तर निबंध खोटा होता हे कबूल करावं लागणार, आणि मिळू घातलेली प्राध्यापकाची खुर्ची त्याच निबंधाच्या पायांवर उभी. अशा वेळी तत्त्व फार उपयोगी पडतं. कोणालाही, कधीही सांगायचं नाही, हे आपणच तर शिकवतो. तो म्हणाला, "हा म्हन. चांगलं घर शे."

हळदीच्या दिवशी सरलाने त्याला माजघरात गाठलं. ती हसत होती.

"काका, तुम्ही मना बोटले सुई टोची व्हती, याद शे का? काय निंघनं त्यामां?"

गप्प बसण्याचं तत्त्व इथवर चाललं होतं. इथे गप्प बसून भागणार नव्हतं, म्हणून तो खोटं बोलला. "काही नही. चांगलं रगत शे तुन्हं."

लग्नात वधूवरांवर तांदूळ टाकायला तो सगळ्यांच्या पुढे उभा होता.

दोन वर्षांनी शांतीलाल प्राध्यापक झाला आणि शहाद्याने त्याचा सत्कार ठरवला. तो कळसाडीला भावाकडे उतरला होता. बाहेर जीप उभी होती, मंडळी घाई करत होती. सरला लोणखेड्याहून बैलगाडीत बसून आली, कडेवर वर्षाचं पोर घेऊन. तिने पोराचे हात कापडातून बाहेर काढले आणि त्याच्यापुढे धरले. बोटं वांग्यासारखी फुगली होती. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. तपासायचं काही उरलं नव्हतं, तरी शांतीलालने पोट चाचपून पाहिलं.

"सासू म्हनस, दोष मना रगतमां शे," सरला म्हणाली. "माले ठेवाले तयार नही त्या. काका, तुम्ही मनं रगत देखेल शे. लोनखेडाले चाला आनि समदास्ना पुढे सांगी द्या, मनं रगत चांगलं शे."

गावात चला. सगळ्यांसमोर सांगा. हे मागणं त्याने आधी एकदा ऐकलं होतं, दुसऱ्या बोलीत. तो खाटेवर बसला. आणि मग त्याने सांगितलं. तिच्या रक्तात दोष निघाला होता. रोहिदासच्याही.

सरलाने पोराचे हात पुन्हा कापडात गुंडाळले.

"लगीनना आधी तुमले मालूम व्हतं?"

"हा."

ती रडली नाही. "मंग हाईच सांगा. तठे चाली सन सांगा."

बाहेरून कोणीतरी जीपचा भोंगा वाजवला. शांतीलाल म्हणाला, "सत्कार उरकी जाऊ दे. मंग मी येस."

"नही," सरला म्हणाली. "आते."

गंगीबाईही अशीच समोर उभी होती, आणि तेव्हा गाडीची वेळ झाली होती. शांतीलाल उठला. मंडळींना काहीही न सांगता तो तिच्या बैलगाडीत चढला. शहाद्यात हार सुकत राहिले आणि वाट बघून लोक घरी गेले.

लोणखेड्याच्या ओसरीवर सरलाची सासू मंगलाबाई बसली होती, रोहिदास होता, भाऊबंद होते. शांतीलालने उभं राहून सगळं सांगितलं. दोष दोघांच्या रक्तात आहे, एकट्या सरलाच्या नाही; दोघंही निरोगी आहेत, फक्त एकमेकांशी लग्न व्हायला नको होतं; आणि हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. त्याने काही वगळलं नाही.

मंगलाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग ती एवढंच म्हणाली, "मंग लगीनमां तांदूय टाकाले तुम्ही समदास्ना पुढे कसा उभा ऱ्हायनात?"

कोणी त्याच्यावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. रोहिदासने सरलाच्या कडेवरून पोर घेतलं आणि तिला आत जायला सांगितलं. तिचं घर तेवढं राहिलं.

शांतीलालने मुंबईला कळवलं, निबंध खोटा होता. खुर्ची गेली, नाव गेलं. ज्यांना त्याने नीती शिकवली होती त्यांनीच अभ्यासक्रमातून त्याचं नाव काढून टाकलं. त्याने शहाद्याला लहानसा दवाखाना काढला. एकदा याकूबला घेऊन तो गंगीबाईच्या गावालाही गेला, निदान तिच्या नवऱ्यासमोर उभं राहून बोलावं म्हणून. नवरा केव्हाच गुजरातेत निघून गेला होता. घराच्या जागी कोणीतरी ज्वारी पेरली होती. सांगायचं कोणाला, ते दोघांनाही कळेना, आणि ते परत फिरले.

उखाने भावाशी बोलणं टाकलं. सरला मात्र येत राहिली. पोराला कळा सुटल्या, की ती लोणखेड्याहून त्याला शहाद्याला आणायची, कारण ह्या दुखण्याचं काही कळणारा डॉक्टर दुसरा जवळपास नव्हता. ती पोराला टेबलावर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शांतीलाल औषध द्यायचा, हातपाय शेकायचा, ती पोराला उचलून जायची. त्याला काका म्हणून तिने पुन्हा हाक मारली नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात पोर त्या टेबलावरच गेलं. सरलाने त्याच्या मनगटाला सासूने बांधलेला काळा दोरा पाहिला आणि शांतीलाल कात्रीकडे हात नेतोय हेही पाहिलं. तिने त्याचा हात बाजूला केला. मग खाली वाकून, नखांनी, ती स्वतः गाठ सोडत बसली.