क्रँकशाफ्टची सोबतीण

मी एक जुनी बेअरिंग आहे. नाही मित्रांनो, सायकलच्या चाकातली, गोळ्यांची नव्हे. दोन अर्ध्या बांगड्या समोरासमोर धरल्या की जे कडे होते, तशी माझी घडण. एका बुटक्या, लाल, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनात मी वीस वर्षे काढली. तिथे क्रँकशाफ्ट नावाचा एक जड पोलादी दांडा गरगर फिरतो आणि त्याच्या जोरावर चाके पळतात. त्याला मिठी मारून बसायचे, पण अडवायचे मात्र नाही, एवढेच माझे काम.

माझी पाठ पोलादाची आणि पोट मऊ धातूचे. कारखान्यातून निघाले तेव्हा या मऊपणाची मला फार लाज वाटे. सगळे कसे टणक, आणि मीच अशी! पण देवाने काय, मला घडवणाऱ्याने काय, काही उगीच केलेले नसते. तेलाबरोबर एखादा कचऱ्याचा कण आला, तर तो दांड्याला ओरखडण्याआधी मी माझ्या पोटात रुतवून घेई. दांड्याला पत्ताही लागत नसे.

आणि आमच्या दांड्याला जपणे भागच होते. दांड्यावर ओरखडे पडले की तो घासून गुळगुळीत करतात. तो बारीक झाला की जाड बेअरिंग बसवतात. आमचा दांडा माझ्याआधीच दोनदा घासलेला. माझ्याहून जाड बेअरिंग या गाडीसाठी कुणी बनवतच नाही, आणि तसा दांडाही आता कुठे मिळत नाही. म्हणजे आणखी एकदा तो खरवडला, की गाडी थेट भंगारात.

गाडीचे मालक म्हणजे बाबा. इंजिनाच्या घरघरीत सूर मिळवून ते गात गाडी चालवत. त्यांनी मला प्रेमाने वागवले, पण एकदा तेल बदलायचे लांबवले ते लांबवलेच. मी झिजले, सैल झाले, टकटक वाजू लागले. बाबांना वाटले, वा, गाडी ताल धरते आहे! महिनाभर त्यांनी त्या ठोक्यावर गाणी म्हटली. मग एकदा त्यांची मुलगी शेजारी बसली आणि ती टकटक ऐकून तिने दुसऱ्याच वळणावर गाडी थांबवायला लावली.

मिस्त्रीकाकांनी इंजिन उघडून मला बाहेर काढले. बाबा खाली मान घालून उभे होते. मुलीने मात्र बाबांसाठी दुकानादुकानांतून शोधून नव्या बेअरिंगचा चकचकीत डबा आणला होता. ती म्हणाली, "बाबा, शर्यतीच्या गाड्यांत हीच घालतात. एकदम कडक. आता बघायलाच नको."

मिस्त्रीकाकांनी नवी बेअरिंग उलटसुलट करून पाहिली. मापाला ती बरोबर होती, तरी त्यांनी ती बाजूला ठेवली. मला पुसून त्यांनी मुलीच्या हातात दिले.

"ताई, हिच्यावर नख फिरवा."

तिचे नख माझ्या पोटावर जागोजागी अडले. वीस वर्षांचे कण होते ते.

"आता दांड्यावर फिरवा."

नख सरसर घसरत गेले. "काहीच लागत नाही, काका."

"लागेल कसं? सगळं हिनं खाल्लं ना. तुमची नवीन बाई कडक आहे, ती काही खायची नाही. आणि दांडा आहे जुना, शर्यतीच्या गाड्यांतल्याइतका टणक नाही. मग कचरा आला की सोसायचं कुणी?"

बाबांना सगळे कळले होते. तरी मुलीचा उतरलेला चेहरा पाहून ते म्हणाले, "असू दे हो. पोरीनं एवढ्या हौसेनं आणलीय. हीच बसवा."

मित्रांनो, माझ्या त्या दांड्याचे आयुष्य तेव्हा एका शब्दावर टांगलेले होते, आणि मला तर बोलता येत नव्हते.

मुलगी पुन्हा एकदा दांड्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिने डब्याचे झाकण लावले. "नको, बाबा. मी ताकद बघितली, दांडा बघितलाच नाही. काका, हिच्यासारखीच आणा. मऊच."

बाबा मुलीकडे बघून हसत मिस्त्रीकाकांना म्हणाले, "बरंच झालं. कडक बाई घरात एक आहे, तेवढी पुरे."

"तेलाच्या तारखा आता तीच कडक बाई सांभाळणार आहे," मुलगी म्हणाली.

आठवड्याने माझ्याच मापाची नवी बेअरिंग आली. काकांनी तिला तेल लावले आणि हलक्या हाताने माझ्या जागी बसवले. दांडा फिरवून पाहिला. तो लोण्यासारखा फिरला.

मी आता काकांच्या फळीवर पडून असते. झिजल्याचे दुःख नाही मला. झिजण्यासाठीच तर मी होते. फक्त एवढे मागते, मित्रांनो. तेल वेळेवर बदला. आणि आमच्यासारख्यांच्या जागी नवे कुणी आणाल, तेव्हा ते किती कणखर आहे हे जरूर विचारा. पण त्याआधी, त्याला कुणाला सांभाळायचे आहे, तेवढे विचारा.