समोर कोण?

मावशीच्या मोठ्या लेकीला जुळी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही पोरांना कावीळ, लेक दवाखान्यात, आणि मावशी सकाळपासून ऑफिसच्या टेबलाशी फोन कानाला लावून बसलेली. "दूध पितायत का तेवढं सांग. रडू नकोस गं, रडून काय होणार?" असं ती म्हणत होती. समोरच्या स्टुलावर एक टेम्पोवाला कधी येऊन बसला आणि कधी बोलायला लागला, ते तिला कळलंच नाही.

ज्यांना वकिलाची फी झेपत नाही त्यांच्यासाठी चार वकिलांनी मिळून चालवलेलं ते ऑफिस. दोन खोल्या, एक पंखा, आणि दारातलं टेबल मावशीचं. आलेल्या माणसाला ती पहिला प्रश्न विचारायची, "समोर कोण?" म्हणजे भांडण कोणाशी. ते कळल्याशिवाय गाऱ्हाण्याचा एक शब्दही ऐकायचा नाही, असा तिथला नियम. एकाच भांडणातल्या दोन्ही बाजू ऑफिसच्या कानावर पडल्या, तर वकिलाला दोघांचंही काम सोडावं लागे. एकदा तसं झालं होतं. एका गवंड्याची बायको ऐन तारखेला वकिलाशिवाय उभी राहिली आणि घराबाहेर काढली गेली. तेव्हापासून मावशी या प्रश्नाला फार जपायची. त्या दिवशी नेमका तोच राहिला.

"मावशी, मला एवढंच सांगा," टेम्पोवाला म्हणत होता. "अंथरुणाला खिळलेली आई माझी, खोली बापाची. थोरला भाऊ गेला, तर आता त्याची बायको खोली धरून बसलीय. वर माझ्यावरच केस. आज तारीख आहे. ती कोर्टात जाईल, तेवढ्यात मी आईला टेम्पोत घालतो, बहिणीकडे सोडतो आणि खोलीला कुलूप ठोकतो. सख्ख्या आईला नेलं तर गुन्हा होतो का?"

मावशीने फोन खाली ठेवला. "समोर कोण म्हणालात?"

"वहिनी हो. शिवणकाम करते."

तीच शिवणवाली आतल्या खोलीत तिच्या वकीलबाईंपुढे बसली होती. मध्ये नुसतं लोटलेलं दार.

"आमच्याकडून तुमचं काम व्हायचं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "कोर्टाच्या आवारात सरकारी मदतकेंद्र आहे, तिथे विचारा. आणि आजारी माणसाला हलवू नका."

"सल्ला फुकट, तर मालही तसलाच!" तो उठला. "जाऊ द्या. गॅरेजमधून गाडी काढायचीय मला."

तो जिना उतरतोय तोच आतलं दार उघडलं. वकीलबाई काळा कोट हातावर टाकून निघाल्या. मागे शिवणवाली, पदर मुठीत धरलेला.

"सासूबाईंचं सगळं करून आलेय मावशी. पाठ पुसली, कुशीवर केलं. शेजारीण मध्येमध्ये डोकावते म्हणालीय. आज स्टे मिळेल ना हो?"

"मिळेल," वकीलबाईच बोलल्या. "निकाल लागेपर्यंत तुम्हाला खोलीतून कोणी काढायचं नाही, एवढाच तर हुकूम मागायचाय. मावशी, तुमचं तोंड का असं उतरलंय?"

मावशीच्या जिभेवर सगळं आलं होतं. "बाई, समजा समोरचा माणूस चुकून इथेच बोलून गेला, तर?"

"तर मला आज कोर्टात उभं राहता यायचं नाही. का, कोणी आलं होतं?"

शिवणवाली दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नाही. सहज विचारलं. जुळ्यांची काळजी लागलीय, बाकी काही नाही."

त्या दोघी गेल्या. सांगितलं तर वकील जातो, नाही सांगितलं तर खोली जाते. मावशीने पाणी प्यायला ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. मग टायपिस्टला म्हणाली, "टेबलाकडे बघ. लेकीकडे जाऊन येते."

"जा आजीबाई, खुशाल जा. आता तुम्हाला नातवंडांपुढे आम्ही कोण!"

मावशी खाली उतरली ती लेकीकडे गेली नाही. खोलीचा पत्ता तिनेच उतरवून घेतला होता. धापा टाकत गल्लीत शिरली. दाराला नुसती कडी होती. कडी काढून ती सरळ उंबऱ्यावर बसली.

आत खिडकीखाली शिवणाचं मशीन, आणि त्याला लागून खाट. खाटेवरून आवाज आला, "कोण गं ते?"

"सुनेच्या ओळखीची आहे. गुडघे धरलेत, जरा टेकते."

"टेक की. दारात बसायला कोणी भाडं मागत नाही."

थोड्याच वेळात टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. टेम्पोवाला आला, हातात नवं कुलूप. मावशीला बघून जागीच थबकला.

"तुम्ही? इथे काय करताय?"

"बसलेय."

"म्हणजे तुम्ही तिच्या पार्टीतल्या! मघाशी बोलला नाहीत ते. सांगितलंत ना तिला सगळं?"

"सांगितलं असतं तर इथे पोलीस उभा असता. ही म्हातारी कशाला बसली असती?"

त्याचा चेहरा लाल झाला. "उठा."

"नाही उठत."

"अंगाला हात लावायला लावू नका मावशी."

"लाव. मला उचल, मग आईला उचल. दोन खेपा होतील."

त्याने तिला ओलांडायला पाय उचलला. मावशीने चौकट दोन्ही हातांनी धरली.

"धाकटा का रे?" आतून हाक आली. "गाडी ओळखली मी तुझी."

"आई, तुला ताईकडे न्यायला आलोय."

"तिने बोलावलंय?"

त्याने मागे वळून टेम्पोकडे पाहिलं.

"विचारलंस तरी का तिला?"

तो कुलूप या हातातून त्या हातात करत राहिला.

"आलाच आहेस तर मला दुसऱ्या कुशीवर कर. हे अंग पार आंबून गेलंय."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. वाट दिली आणि त्याने आईला उचललं तर सगळंच संपलं. पण त्या बाईचं अंग दुखत होतं. मावशीने गुडघे बाजूला घेतले.

तो आत गेला. खांद्याला धरून ओढायला लागला तशी म्हातारी कळवळली. "पोतं आहे का मी? आधी उशी काढ. आता गुडघा दुमड. कमरेखाली हात घाल, सावकाश. रोज चार वेळा करते ती, तुझ्या निम्म्याने नाही अंगाने."

बाहेर मावशी चौकट धरूनच बसली होती. मग तो बाहेर आला, तिच्याकडे न बघता टेम्पोपर्यंत गेला आणि फळीवर बसून राहिला. कुलूप खाटेवरच राहिलं होतं. ते न्यायला तो परत आला नाही.

ऊन कललं तेव्हा शिवणवाली हुकूम घेऊन आली. गल्लीच्या तोंडाशी दिराचा टेम्पो दिसला. ती धावतच दारापर्यंत आली.

"मावशी! तुम्ही इथे? काय झालं?"

"काही नाही. सासूबाईंशी गप्पा मारत होते. मिळाला का स्टे?"

"मिळाला."

"मग मला हात दे. उठवत नाही आता."

त्या दुपारबद्दल मावशी वकीलबाईंना कधी बोलली नाही, आणि टेम्पोवालाही कोर्टात बोलला नाही. तारखांमागून तारखा पडत गेल्या.

सासू पुढच्या वर्षी मार्च महिन्यात, दुपारच्या वेळी, त्याच खोलीत खाटेवर वारली. केस तेव्हाही चालूच होती.