सुरेनचे छिलके

जेनांग अजगराने तोंड उघडं टाकलं होतं. प्रत्येक श्वासागणिक बारीक शीळ येत होती. रुम्याती काचेच्या पेटीपाशी वाकली, उठली, पुन्हा वाकली. छातीशी बांधलेलं तान्हं त्या हेलकाव्यांनी कुरकुरायला लागलं.

"आई, तो मरणार का गं?" सेकारने तिसऱ्यांदा विचारलं. गुळाच्या वडीच्या रंगाचा तो छोटा अजगर म्हणजे तिचा जीव की प्राण.

"शुभ बोल, न्दुक," ती लेकीला म्हणाली.

मघाशी साप पाळणाऱ्या तुगिमानने फोनवर पहिलं हेच विचारलं होतं, "खाली काय अंथरलंय?"

"सुरेनच्या लाकडाचे छिलके."

"अगं, कपाटाला कसर लागू नये म्हणून ठेवतात ते! कीड पळवणारा वास कोंडलेल्या पेटीत सापाला सोसेल? आत्ताच काढ. बरा होईस्तोवर वर्तमानपत्र घाल. आणि संध्याकाळी डॉक्टरकडे ने."

तिने छिलके काढले, पेटी पुसली, कागद अंथरला. तरी तिची नजर सारखी दाराकडे जात होती, कारण आज शुक्रवार होता.

जावातल्या या जेपारात घरोघरी सुतारकामाचा रंधा चालतो. छिलक्यांना काय तोटा? पण म्बाह विर्यो, तिचे सासरे, नातीच्या सापाला साधे छिलके देणार थोडेच! उन्हात वाळवून, धूळ चाळून, दर शुक्रवारी ते सुरेनचेच छिलके स्वतःच्या हाताने भरायचे. पहिल्याच दिवशी तो वास तिच्या नाकाला झोंबला होता. पण वडीलधाऱ्यांना तोंडावर "नको" म्हणायची इथे रीत नाही. "इंग्गीह", हो जी, म्हणायचं आणि मागाहून हवं ते करायचं. पाच शुक्रवार ती "इंग्गीह" म्हणाली होती. मागाहून मात्र काहीच केलं नव्हतं.

आता गुपचूप काढून भागणार नव्हतं. ते पुन्हा भरणार.

दारात चपला वाजल्या. म्बाह टोपली घेऊन आत आले. "सरका बरं. आज अगदी मऊ निघालेत."

"इंग्..." शब्द ओठांवर आला. तिने तो गिळला. "नको, म्बाह. या वासाने त्याला श्वास घेववत नाहीये."

म्हाताऱ्याची मान हळूच वळली. "साठ वर्षं मी याच वासात बसतोय. मला काय धाड भरली?"

"तुम्ही रात्रभर खोकता की!" सेकार म्हणाली.

"सेकार!" रुम्याती तान्ह्याच्या पाठीवर भराभर थोपटायला लागली. आता टोपली आपटतील, वर्षभर बोलणार नाहीत.

म्बाहांनी टोपली दाराबाहेर नेऊन ठेवली. परत आले, गुडघ्यांवर बसले आणि कान पेटीला लावला. शीळ आली. पुन्हा आली.

"हे माझ्यामुळे?"

"मीही बोलले नाही ना, म्बाह."

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. "मग बरा झाला की याला काय घालायचं?"

"नारळाच्या सोडणाचा काथ्या. ओला करून, पिळून."

"किती बारीक?"

तिने दोन बोटांची चिमूट करून दाखवली. खरं तर तिलाही नक्की माहीत नव्हतं.

"नक्की एवढाच?"

"नाही, म्बाह. तुगिमानला विचारते."

"विचार," ते म्हणाले, आणि कान पुन्हा काचेला लावला. "आणि सगळे जरा गप्प बसा. मला ऐकू दे."