शांतवनचा उजवा हात

पहिला पाइप मीच मारला. उगाच दुसऱ्याचं नाव घेणार नाही. वस्तीवरचा अविराज माझ्याच बांधाला, वेड्या बाभळीत सापडला आणि त्याच्या पोत्यात तांब्याच्या तारेची वेटोळी निघाली. महिनाभरात धरणाच्या काठावरून माझ्या पाणी उपसायच्या दोन मोटारी चोरीला गेल्या होत्या, डोळ्यांदेखत ऊस वाळत होता. आणि राग गिळणाऱ्यातला मी नव्हे.

तेवढ्यात शेजारच्या बिरदेवनं माझा हात धरला. "आधी खात्री करा, सर्जेराव. शांतवनला बोलवा."

शांतवन भिगवणला जळक्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे आत नवी तार गुंडाळायचा. रविवारी चर्च, बाकी सहा दिवस मान खाली घालून काम. गुंडाळीवरच्या दोऱ्याला तो स्वतःच्या पद्धतीची दुहेरी गाठ मारायचा, त्यामुळे आपलं काम कुठंही ओळखायचा. तो आला, वेटोळं हातात घेऊन दोरा चाचपला. खोटं बोलणं त्या माणसाला कधी जमलंच नाही.

"गाठ माझ्याच हातची हाय. तुमची साडेसात एचपीची मोटार, सर्जेराव."

झालं. मग कुणाचा हात कुणी धरला नाही. जमलेले आम्ही पंधरा-वीसजण तुटून पडलो. अविराजचे हात पाठीमागं बांधलेले, तोंड मातीत. त्यातल्या सिद्धूनं बरगडीत लाथ घातली तसा तो रक्त ओकला. दात तुटून ओठाला चिकटला होता. आधी तो आईला हाका मारत होता, नंतर तेही बंद झालं.

"पुरं करा. पोलिसात द्या. मरंल त्यो," शांतवन ओरडत होता.

"तुझं काम झालं. बाजूला हो," मी म्हणालो.

तो बाजूला झाला नाही. गर्दीत घुसला, अविराजवर पालथा पडला आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं. दोन-तीन काठ्या त्याच्या पाठीत बसल्या, सिद्धूची लाथ कमरेत बसली. रागात माणसाला दिसत नाही म्हणतात, ते साफ खोटं. मला शांतवन दिसत होता. त्याची बोटं दिसत होती. तरी मी लोखंडी पाइप उचलला आणि हाणला.

हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग कुणीच हात उचलला नाही.

अविराज जगला. त्याच्यावर चोरीची केस झाली. मीही ठाण्यात जाऊन माझं नाव सांगितलं आणि जामिनावर सुटून चौथ्या दिवशी बारामतीच्या दवाखान्यात गेलो. मला बघताच शांतवनची बायको मार्था डबा तिथंच ठेवून बाहेर गेली. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. दोन बोटं पुन्हा वाकणार नाहीत, बारीक तार आता जमायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुला काय पडली हुती? चोर हुता त्यो," मी म्हणालो. माफी मागायला गेलो होतो, आणि तोंडातून हे निघालं.

"व्हय, चोरच."

"मग लांबनं सांगायचं."

"सांगितलं की. ऐकलं का कुणी? आमचा देव बी लई वर्सं वरनंच सांगत हुता. माणसं ऐकंनात. मग माणसाचं अंग घिऊन आला, बाईच्या पोटी जन्मला. वरनं बघणाऱ्याला काठी लागत न्हाय, सर्जेराव. मार खायला अंग लागतं."

मला रागच आला. "मग तुझ्या देवानं माझा हात का न्हाय धरला?"

"ठावं न्हाय," शांतवन म्हणाला. "मला तर लई भ्या वाटत हुतं. पण गाठ मीच वळखली हुती ना."

मला लाज वाटत होती, आणि ती लपवायला जागा नव्हती. मी डबा उघडला, आमटीत भाकरी कुस्करली आणि घास त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं तोंड उघडलं नाही. डोळे मिटून घेतले. जेवणाआधी ती माणसं हात जोडून देवाचे आभार मानतात, हे मला ठाऊक होतं. घास मी डब्यात ठेवला.

त्याचा डावा हात चादरीवरून चाचपत माझ्याकडं आला. आमटीनं माखलेल्या माझ्या उजव्या हाताला त्यानं आपला तळवा जोडला आणि हळू आवाजात प्रार्थना सुरू केली. मला त्यांचे शब्द येत नव्हते. मी हात काढला नाही.