वास येतोय का?

जमिनीखालचं उकळतं पाणी पाइपांतून आमच्या ग्रीनहाऊसमध्ये फिरतं, म्हणून बाहेर बर्फ पडला तरी आत टोमॅटो पिकतात. त्या पाण्याबरोबर विषारी वायूही येतो. थोडा असला की कुजक्या अंड्यांसारखा वास मारतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. म्हणून व्हॉल्व्हच्या खड्ड्यात एक जण उतरला की दुसऱ्याने वरून सारखं विचारायचं, "वास येतोय का?" 'नाही' ऐकलं की दोर ओढायचा. हा नियम आम्ही घरी कधी सांगितला नाही. कामावर कोण पाठवील?

त्या सकाळी दाजींनी गरम पाइपवरचा माझा डबा सरकवून तिथे स्वतःचा ठेवला. वीस वर्षांची माझी जागा! माझं डोकंच फिरलं. मी अबोला धरला. तासाभराने ते खड्ड्यात उतरले, तेव्हा मी दोर धरून ढिम्म उभा.

"मेहुणे, विचारा की!" ते खालून हसले.

मी गप्प.

थोड्या वेळाने म्हणाले, "वास गेला हो."

मला वाटलं, मला बोलतं करायला थापा मारतायत. मग दोराला हिसका बसला.

संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन ताईकडे गेलो. नवऱ्याच्या कपड्यांतला तो वास धुऊन धुऊन ती जेरीस आली होती.

"शेवटचं काय बोलले रे?"

"वास गेला म्हणाले."

तिने डोळे पुसले. "चला, तेवढं तरी सुख लाभलं त्यांना."