एकदाच विचारलं

अमेरिकेत आल्याआल्या पद्मजाला शहाणं करायचा विडा ईडन प्रेरी गावात कित्येक वर्षं राहिलेल्या कांचनकाकूंनी उचलला होता. "हे बघ, इथे पाहुण्याला एकदाच विचारायचं. नो म्हणाला की नो. आपल्यासारखं फोर्स करायचं नाही, रूड वाटतं त्यांना." पद्मजा कराडची. तिच्या माहेरी पाहुणा ताटावर आडवा हात धरायचा आणि आई त्या हाताच्या फटीतून जिलबी सरकवायची. अशा घरातल्या मुलीला हा धडा जड जायला हवा होता. पण तिने तो दोन वर्षांत असा काही गिरवला की तिचं तिलाच कौतुक वाटायचं.

तिचा नवरा गुरुदत्त मिनेसोटातल्या लिंडाल नावाच्या गावात डॉक्टर होता. गाव कसलं, एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि नजर पोचेल तिथवर शेतं. शेजार म्हणजे अर्ध्या मैलावरचे आर्विड लिंडक्विस्ट, वय वर्षं सत्याहत्तर. एकोणीसशे सव्वीस साली एक लाकडी पेटी घेऊन ते स्वीडनहून आले, दुसऱ्यांच्या शेतांवर राबले, मग स्वतःची ऐंशी एकर जमीन घेतली आणि तिच्यातले दगड हाताने वेचून बांधावर रचले. बायको इंग्रिड जाऊन सहा वर्षं झाली होती. जमीन आता दुसरे कसत, पण ट्रॅक्टर काही म्हाताऱ्याच्या हातून सुटला नव्हता. बर्फ पडला की कुणी न सांगता येत आणि शेजाऱ्यांची दारं मोकळी करून जात. मधुमेह होता, रोज सकाळी स्वतःच इन्शुलिन टोचून घेत. औषधपाणी गुरुदत्तचंच.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका रविवारी गुडघाभर बर्फ पडला. गुरुदत्त हॉस्पिटलला गेला होता. लिंडक्विस्ट नऊला आले आणि साडेबारापर्यंत बर्फ उपसत राहिले. पद्मजाने त्यांना आत बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि हात चोळत बसले. गॅसवर आमटी उकळत होती, पोळ्या नुकत्याच झाल्या होत्या.

"लंच घेणार?" तिने विचारलं.

"ओ नो, नो. उगाच त्रास नको."

"ओके," पद्मजा म्हणाली. किती सोपं.

आणि मग ती स्वतः जेवायला बसली. हो, त्यांच्यासमोर. हवापाण्याच्या गप्पा मारत तिने दोन पोळ्या खाल्ल्या, आमटीभात खाल्ला. म्हाताऱ्याची नजर एकदा तिच्या वाटीत गेली आणि लगेच खिडकीबाहेर वळली. यांना आपल्या जेवणाची गंमत वाटत असेल, असं तिला वाटलं. वीस मिनिटांनी ते आभार मानून उठले. आभार त्यांनी मानले, हे तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

दोन वाजता हॉस्पिटलमधून गुरुदत्तचा फोन आला. घरी परतताना त्याला वाटेत ट्रॅक्टर चरात गेलेला दिसला होता. लिंडक्विस्ट स्टिअरिंगवर मान टाकून बसलेले, घामाने भिजलेले, स्वतःचं नावही सांगता येईना. साखर पार उतरली होती. त्याच्या बॅगेत ग्लुकोज होतं म्हणून वाचले; त्यांना घेऊन तो तसाच हॉस्पिटलला परतला होता.

"आपल्याकडूनच निघाले ना? काही खाल्लं होतं त्यांनी?"

"मी विचारलं होतं. नको म्हणाले."

"किती वेळा विचारलंस?"

"एकदाच."

"अगं, स्वीडिश म्हातारे हे. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा हो. दुखतंय का, हेसुद्धा मी त्यांना तीनदा विचारतो."

तिने फोन ठेवला तेव्हा टेबलावर तिचं खरकटं ताट तसंच होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. न कळून चूक झाली असती तर एक वेळ चाललं असतं. पण ही रीत तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? तिचे वडील कुणाकडे गेले की पोटात कावळे ओरडत असले तरी "छे, छे, जेवूनच आलोय" म्हणायचे. त्यांना कुणी "ओके" म्हटलं असतं तर? घरचं शहाणपण गहाण टाकून तिने उसनं आणलं होतं, आणि एक म्हातारा त्यापायी मरता मरता वाचला होता.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये गेली. तिने तोंड उघडायच्या आत लिंडक्विस्टच माफी मागायला लागले. तुम्हा दोघांना फार त्रास दिला, म्हणाले.

"चूक माझीच. सव्वीस साली आलो तेव्हा पहिल्या शेतावरची मालकीण एकदाच विचारायची. मी नो म्हणायचो, ती भांडं उचलून न्यायची. येस म्हणायला शिकेपर्यंत आठ दिवस अर्धपोटी उठलो. मग इंग्रिड आली, शेजारीपाजारी सगळे आमच्यातलेच, आणि मी विसरलो. मला लक्षात ठेवायला हवं होतं."

पद्मजाला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "सॉरी" म्हणाली, पण ते इतकं हळू की तिला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

मार्चमध्ये पुन्हा बर्फ पडला. गुरुदत्तने बजावलं होतं तरी लिंडक्विस्ट आलेच. पद्मजा सकाळपासून तयारीत होती. तीनदा काय, तेरा वेळा विचारायची, हात धरून बसवायची तिची तयारी होती. दुसऱ्यांदा काय म्हणायचं, तिसऱ्यांदा काय म्हणायचं, सगळं तिने मनात घोळवून ठेवलं होतं.

बारा वाजता ते आत आले.

"मिस्टर लिंडक्विस्ट, जेवून जा ना."

"येस," ते लगेच म्हणाले. "येस, प्लीज."

मास्तरांनी रागावल्यावर पोर बोलतं तसं, मान खाली घालून. त्यांचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांनी, या वयात, त्यांना तो धडा पुन्हा गिरवावा लागला होता, आणि या वेळची मालकीण ती होती. तिच्या तोंडातली बाकीची वाक्यं तोंडातच राहिली.

तिने ताट वाढलं. ते जेवू लागले. आमटीची वाटी रिकामी झाली, तेव्हा तिने विचारलं नाही, नुसती भरली. त्यांच्या तोंडून आणखी एक "येस" तिला ऐकवलं नसतं.